जर्मनीची चांदीची स्मारक नाणी जमवायची आहेत? मग सुरुवात अशी करा

जर्मनीने १९५२ पासून जी चांदीची स्मारक नाणी काढली त्यातली बहुतेक लाखांनी पाडली गेली, काही तर कोटींनी, आणि लोकांनी ती खर्च न करता कपाटात जपून ठेवली, त्यामुळे आजही बाजारात ती भरपूर मिळतात आणि छान अवस्थेत मिळतात. नव्याने नाणी जमवणाऱ्यासाठी याच्याइतकं चांगलं मैदान मला तरी दुसरं माहीत नाही. अख्खा सेट आवाक्यात असतो, नाण्यात खरी चांदी असते आणि प्रत्येक नाण्यामागे एखादा माणूस, इमारत किंवा घटना असते जिच्याबद्दल वाचत बसावंसं वाटतं. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसवा: यातली बरीचशी नाणी दुर्मिळ नाहीत. कोणी "रेअर आहे, शेवटचा पीस आहे" म्हणून दुप्पट-तिप्पट भाव सांगायला लागला की त्याला आधी विचारायचं, यात चांदी किती ग्रॅम आहे?

आणि हो, भारतातल्या साइटवर "जर्मन सिल्व्हर कॉइन" असं टाकून शोधू नका, तिथे तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूच्या वस्तू येतात ज्यात चांदीचा कणही नसतो. देशाचं नाव, रक्कम आणि वर्ष टाकून शोधा, म्हणजे "जर्मनी १० मार्क १९८९" असं (मार्क म्हणजे युरो यायच्या आधीचं जर्मन चलन).

१. आधी ग्रॅम पाठ करा

कॅटलॉग, अल्बम, कॅप्सूल सगळं नंतर. आधी कुठल्या नाण्यात किती शुद्ध चांदी आहे ते तोंडपाठ पाहिजे, आणि ते अवघड नाही कारण प्रकार मोजकेच आहेत.

५ मार्कचं स्मारक नाणं, १९५२ ते १९७९: वजन ११.२ ग्रॅम, चांदी ६२५ म्हणजे साडेबासष्ट टक्के, शुद्ध चांदी बरोबर ७ ग्रॅम.
१० मार्क, १९७२ च्या ऑलिम्पिकची आणि मग १९८७ ते १९९७: वजन १५.५ ग्रॅम, चांदी ६२५, शुद्ध चांदी ९.६९ ग्रॅम.
१० मार्क, १९९८ ते २००१: वजन तेच, पण चांदी ९२५ झाली, म्हणजे १४.३४ ग्रॅम.
१० युरो, २००२ ते २०१०: वजन १८ ग्रॅम, चांदी ९२५, शुद्ध चांदी १६.६५ ग्रॅम. २०१६ पासूनची २० युरोची नाणीसुद्धा अगदी हीच, फक्त रक्कम बदलली.

आता मधे जी गॅप दिसते, २०११ ते २०१५, तिथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. चांदी इतकी महागली की १० युरोच्या नाण्यातल्या धातूची किंमतच १० युरोच्या वर जायला लागली, मग सरकारने साधं नाणं तांबं-निकेलचं केलं, १४ ग्रॅमचं, आणि फक्त प्रूफ क्वालिटीचं, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत पाडलेलं, नाणं चांदीचं ठेवलं, तेही ६२५ चं, १६ ग्रॅम वजनाचं. म्हणजे एकाच वर्षाचं, एकाच चित्राचं नाणं एक चांदीचं आणि एक बिनचांदीचं! चांदीवाल्यावर गरुडाच्या बाजूला बारीक अक्षरात "झिल्बर ६२५" (SILBER 625, झिल्बर म्हणजे चांदी) असं कोरलेलं असतं, भिंग घेऊन ते शोधा, नसेल तर सोडून द्या.

असाच एक खड्डा जुन्या ५ मार्कमध्ये आहे. १९७९ च्या सुमाराला चांदी भडकली आणि ऑटो हान या रसायनशास्त्रज्ञाचं जे नाणं चांदीत यायचं होतं ते शेवटी बिनचांदीचं आलं. तिथून १९८६ पर्यंतची सगळी ५ मार्कची स्मारक नाणी बिनचांदीची आहेत. ओळखायची कशी? वजन १० ग्रॅम भरतं आणि लोहचुंबकाला चिकटतात, कारण आत निकेलचा थर आहे. चांदीची चिकटत नाहीत. कोणी ऑटो हानचं नाणं "चांदीचं" म्हणून विकत असेल तर तिथून निघा.

२. मग तीन आकडे मांडा

प्रत्येक नाण्याला तीन किमती असतात. एक नाण्यावर छापलेली, एक धातूची आणि एक संग्राहक देतात ती.

छापलेली किंमत जर्मनीच्या बाबतीत नुसती शोभेची नाही. बुंडेसबँक, म्हणजे त्यांची मध्यवर्ती बँक, आजही मार्क बदलून देते आणि त्याला मुदतच नाही, भाव ठरलेला आहे: १.९५५८३ मार्कला १ युरो. म्हणजे १० मार्कचे ५.११ युरो कधीही मिळतात. पूर्व जर्मनीच्या मार्कला मात्र ही सोय नाही.

धातूची किंमत काढायला चांदीचा ग्रॅमचा भाव युरोत घ्या आणि वरच्या ग्रॅमने गुणा. १० मार्कच्या ६२५ वाल्या नाण्यात चांदी ग्रॅमला साधारण ५३ सेंटच्या वर गेली की धातू छापील किमतीच्या पुढे जातो, १० युरोच्या नाण्यात ६० सेंटला आणि २० युरोच्या नाण्यात १.२० युरोला. हे तीन आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. कुठल्या नाण्याला बँकेचा आधार आहे आणि कुठल्याला चांदीचा, ते एका नजरेत कळतं.

तिसरी किंमत, संग्राहकांची, ती लाखांनी पाडलेल्या नाण्यांना धातूच्या जरा वर असते, इतकंच. प्रूफला थोडी जास्त. खरी मोठी उडी फक्त मोजक्या नाण्यांत आहे आणि ती कुठली हे पुढे येईलच. म्हणून माझा नियम सरळ आहे: साध्या क्वालिटीच्या कॉमन नाण्याला धातूच्या किमतीपेक्षा थोडंसं जास्त द्यायचं, त्याच्या वर एक पैसा नाही, कितीही सुंदर डबीत असलं तरी.

३. एक मालिका निवडा, सगळं नको

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात मजेचा. जर्मनीत राज्यं, साम्राज्य, प्रजासत्ताक, दोन देश, परत एक देश असं सगळं झालेलं आहे आणि प्रत्येकाची नाणी वेगळी, सगळं गोळा करायला गेलात तर डोकं फिरेल.

माझा सल्ला विचाराल तर सुरुवात ५ मार्कच्या नाण्यांपासून करा. चांदीची एकूण २८ आहेत. त्यातली पहिली पाच बाजूला ठेवा: १९५२ चं न्युर्नबर्गच्या जर्मानिशेस म्युझियमचं, १९५५ चं कवी शिलरचं, त्याच वर्षीचं बाडेनच्या मारग्रेव्ह (तिथला राज्यकर्ता) लुडविगचं, १९५७ चं कवी आयशेनडॉर्फचं आणि १९६४ चं तत्त्वज्ञ फिश्टेचं. पहिली चार प्रत्येकी २ लाखांच्या आसपासच पाडली, फिश्टे ५ लाख. ही "पहिली पाच" खरंच महाग आहेत आणि यांच्याच खोट्या प्रती सगळ्यात जास्त फिरतात, त्यामुळे सुरुवातीच्या काळात हातच लावू नका.

उरली २३. १९६६ च्या लायबनिट्सपासून १९७९ च्या पुरातत्त्व संस्थेपर्यंत, आणि ही सगळी सहज मिळतात. गुटेनबर्ग आहे, बेथोव्हन आहे, ड्यूरर, कोपर्निकस, कांट, गाउस, अल्बर्ट श्वाइट्झर. आणि यात एक नाणं असं आहे की महाराष्ट्रातल्या माणसाने ते पहिलं घ्यावं असं मला मनापासून वाटतं: १९६८ चं फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन यांचं. हे गृहस्थ जर्मनीच्या वेस्टरवाल्ड भागातल्या गावांचे मेयर होते, सावकाराच्या कर्जात बुडालेले शेतकरी रोज बघायचे, आणि त्यातून त्यांनी गावकऱ्यांनी एकमेकांच्या भरवशावर चालवायच्या पतसंस्था उभ्या केल्या. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकोल्सन यांना युरोपात हा प्रकार अभ्यासायला पाठवलं, त्यांनी रायफायझेनच्या पद्धतीची शिफारस केली, आणि १९०४ मध्ये हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला. आपल्या गावातली विकास सोसायटी, पतपेढी, जिल्हा बँक या सगळ्याची एक मुळी त्या माणसापर्यंत जाते. जर्मनीतल्या छोट्या गावात आजही "रायफायझेनबांक" अशी पाटी दिसते. आणि ते नाणं कॉमन आहे, म्हणजे धातूच्या भावाच्या जवळपास मिळतं!

दुसरा चांगला पर्याय १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकचा. सहा प्रकार, चार टांकसाळी, म्हणजे २४ नाण्यांचा बंद सेट, एकूण १० कोटी नाणी पाडली, ऑलिम्पिकसाठी पैसा उभा करायला. यातल्या पहिल्या नाण्यावर "१९७२ इन डॉइचलँड" (जर्मनीत) असं लिहिलं होतं, त्यावर पूर्व जर्मनीने हरकत घेतली की ऑलिम्पिक शहराला मिळतं, देशाला नाही, मग मजकूर बदलून "इन म्युन्शेन" (म्युनिकमध्ये) केला. दोन्ही नाणी शेजारी ठेवून बघा, मधला सूर्यकिरणांसारखा भोवरा तोच, फक्त कडेचा शब्द वेगळा, आणि त्या एका शब्दात अख्खं शीतयुद्ध आहे. "डॉइचलँड" वालं १ कोटी पाडलंय, त्यामुळे दुर्मिळ म्हणून कोणी विकत असेल तर हसून पुढे जा.

तिसरा पर्याय १९८७ पासूनची १० मार्कची नाणी, बर्लिनच्या ७५० वर्षांपासून सुरू होतात. यात १९९१ चं ब्रांडेनबुर्ग गेट आहे, १९९५ चं ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्श चर्चचं आहे, १९९३ चं रॉबर्ट कॉख यांचं आहे ज्यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू दाखवून दिला. भिंत पडली, देश एक झाला, तो सगळा काळ या नाण्यांत दिसतो. युरो आवडत असतील तर ग्रिमच्या परीकथांची मालिका बघा, मुलं असतील घरात तर तीच घ्या, हिमगौरी, हॅन्सल आणि ग्रेटल, लाल टोपीवाली मुलगी असं दरवर्षी एक. फक्त ती २०१२ ला सुरू झाली म्हणजे सुरुवातीची नाणी त्या गॅपमधली आहेत, तिथे "झिल्बर ६२५" बघायचं विसरू नका.

सम्राटांच्या काळातली नाणी, १८७१ ते १९१८ ची, ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. त्यांचं गणित फार सुंदर आहे, १ मार्कमागे ५ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे २ मार्कला १०, ३ मार्कला १५, ५ मार्कला २५. पण नकलाही तिथेच भरपूर. सॅक्सनीचं १९१७ चं "फ्रीडरिश डेर वाइझे" ३ मार्क फक्त १०० पाडलं होतं, तरी ते ऑनलाइन सारखं दिसत राहतं, यावरून काय ते समजा.

४. नाणं वाचायला शिका

नाण्यावर एक छोटं अक्षर असतं ते टांकसाळीचं. ए म्हणजे बर्लिन, डी म्युनिक, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरुहे, जे हॅम्बुर्ग. देश एक व्हायच्या आधीच्या पश्चिम जर्मनीच्या नाण्यांवर ए सापडणार नाही कारण बर्लिनची टांकसाळ तेव्हा पूर्वेकडे होती. श्टुटगार्ट हे मुंबईचं जुळं शहर आहे, १९६८ पासून, त्यामुळे माझ्या संग्रहात एफची नाणी जरा लाडाची आहेत.

आता एक बारीक गोष्ट. किंमतयादीत "जे ३८८", "जे ४०१ ए" असं लिहिलेलं दिसेल. तो जे हॅम्बुर्गचा नाही, तो येगर नंबर आहे, १८७१ नंतरच्या जर्मन नाण्यांचा सगळे वापरतात तो कॅटलॉग नंबर. आणि ४०१ ए मधला ए बर्लिनचा नाही, तो ऑलिम्पिकच्या "डॉइचलँड" वाल्या प्रकाराचा, "म्युन्शेन" वाला ४०१ बी. घाईत वाचणारे इथे चुकीचं नाणं मागवतात.

क्वालिटीची अक्षरंही लक्षात ठेवा. एस एस म्हणजे वापरलेलं पण चांगलं, व्ही झेड म्हणजे जवळजवळ न वापरलेलं, एस टी म्हणजे टांकसाळीतून आल्यासारखं, पी पी म्हणजे प्रूफ, आरशासारखी पार्श्वभूमी आणि वर मॅट चित्र. नवीन माणसाने व्ही झेड किंवा एस टी घ्यावं. प्रूफ दिसायला जबरदस्त पण एक बोट लागलं की संपलं. आणि १९९८ ते २००१ ची १० मार्कची प्रूफ पाचही टांकसाळींची निघाली, ती सगळी जमवायला गेलात तर एकाच चित्राची पाच नाणी होतात, त्यात पैसे अडकवू नका.

५. घ्यायची कुठे

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला असाल तर प्रश्नच नाही. शहरातल्या नाण्यांच्या दुकानात जा, तिथे काउंटरवर बहुतेक वेळा एक खोका असतो मिक्स ५ आणि १० मार्कचा, त्यातून निवडू देतात. रविवारच्या फ्लोमार्क्टला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजाराला, जा, पण खिशात वजनकाटा घेऊन. बर्लिनला दर हिवाळ्यात वर्ल्ड मनी फेअर भरतं, एकदा तरी जाऊन या, विकत काही घेतलं नाही तरी चालेल, शेकडो नाणी हातात घेऊन बघितल्यावर डोळा तयार होतो तो असा वाचून होत नाही. नवीन निघणारी नाणी सरकारच्या म्युन्झे डॉइचलँडकडून थेट मागवता येतात.

भारतात बसून घ्यायची असतील तर पहिल्यांदा मुंबई-पुण्यातल्या नाणी प्रदर्शनांत परदेशी नाण्यांचे स्टॉल बघा, जर्मन नाणी तिथे येतात. बाहेरून पोस्टाने मागवायची तर आधी चांदीच्या आयातीचे तेव्हाचे नियम आणि ड्युटी विचारून घ्या, ते बदलत असतात, आणि पोस्टेज धरून नाणं ग्रॅमला कितीला पडलं तो हिशोब करा. एकेक नाणं मागवणं परवडत नाही. जर्मनीत कोणी भाचा, मैत्रीण, जुना कलीग असेल तर त्यांच्याकडे जमवून ठेवायचं आणि येताना बॅगेचे नियम बघून आणायचं, बरेच जण असंच करतात.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. वर्तमानपत्रात, टीव्हीवर, ऑनलाइन चकचकीत जाहिराती येतात, "जर्मन इतिहासाची ऐतिहासिक आवृत्ती", पहिला पीस अगदी स्वस्त, सोबत सर्टिफिकेट, मखमली पेटी. ते बऱ्याचदा खासगी कंपन्यांनी पाडलेले बिल्ले असतात, वरून चांदीचा मुलामा, आणि पहिला पीस घेतला की दर महिन्याला पुढचा आपोआप येत राहतो. निवृत्त माणसांनी आयुष्यभर जमवलेल्या अशा पेट्या मी बघितल्यात, विकायला गेल्यावर दुकानदार हातही लावत नाही, फार वाईट वाटतं. खऱ्या नाण्यावर रक्कम असते, "बुंडेसरेपुब्लिक डॉइचलँड" असतं, गरुड असतो. रक्कम नाही तर नाणं नाही.

६. घरी आल्यावर तपासा

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा आणि एक डिजिटल कॅलिपर, एवढं पुरे. ५ मार्कचा व्यास २९ मिलीमीटर, १० मार्क, १० युरो आणि २० युरो सगळे ३२.५. वजन आणि व्यास दोन्ही जुळले की बरंच काम झालं. मग कड बघा. स्मारक नाण्यांच्या कडेवर मजकूर कोरलेला असतो, नकली नाण्यात अक्षरं अस्पष्ट असतात नाहीतर कडेवर जोडाची रेघ दिसते. मग गरुडाची पिसं भिंगातून बघा आणि खात्रीच्या दुसऱ्या नाण्याशी ताडून बघा. पहिल्या पाचातलं एखादं घेणार असाल तर मात्र या घरगुती तपासण्यांवर जाऊ नका, नामांकित लिलाववाल्याकडूनच घ्या आणि पावतीवर खरं असल्याची हमी लिहून घ्या.

७. घासू नका!

आपल्याकडे दसरा-दिवाळी आली की चांदीची भांडी बाहेर निघतात आणि पावडर लावून लख्ख होतात. नाण्याला हे करायचं नाही म्हणजे नाही. पावडर नको, टूथपेस्ट नको, चिंच नको, कपड्याने पुसणंही नको. घासलं की पृष्ठभागावर केसासारख्या रेघा उमटतात आणि त्या कधीच जात नाहीत, नाण्याची संग्राहक किंमत तिथेच संपते आणि उरते फक्त चांदी. काळपट, निळसर, जांभळट झाक आली असेल तर ती जुन्या चांदीची नैसर्गिक झाक आहे, जाणकार तिला जास्त पैसे देतात. घरातल्यांनाही हे सांगून ठेवा, कारण बहुतेक वेळा घासणारे आपण नसतो.

नाणं कायम कडेने धरायचं, खाली मऊ कापड ठेवून. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांनी त्यातून हिरवट चिकट थर नाण्यावर बसतो. कडक गोल कॅप्सूल घ्या, आणि इथे जर्मन नाण्यांचा मोठा फायदा म्हणजे ३२.५ ची एकच कॅप्सूल १० मार्कपासून २० युरोपर्यंत सगळ्यांना चालते. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकरीचं कापड यातल्या गंधकाने चांदी काळी पडते, ते जवळ नको. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदला.

वही ठेवा, नाहीतर एक्सेल शीट. येगर नंबर, वर्ष, टांकसाळ, क्वालिटी, वजन, कुठून घेतलं, किती दिले आणि त्या दिवशी चांदीचा भाव काय होता. शेवटचा रकाना बरेच जण टाकत नाहीत, पण नाण्यासाठी किती दिले आणि धातूसाठी किती, हे पुढे फक्त त्याच रकान्यातून कळतं.

आणि पहिली खरेदी म्हणाल तर ही तीन नाणी: रायफायझेनचं १९६८ चं ५ मार्क, ऑलिम्पिकचं "इन डॉइचलँड" १० मार्क आणि २००२ ते २०१० मधलं कुठलंही एक १० युरो, तुम्हाला ज्याचं चित्र आवडेल ते. तिन्ही हातात घेऊन वजन करा, ११.२, १५.५, १८. तीन काळ, चांदीची दोन प्रमाणं, आणि सगळी कॉमन. यातलं कुठलं नाणं परत परत उचलून बघावंसं वाटतं ते महिनाभरात तुमचं तुम्हाला कळेल, मग त्या मालिकेची यादी काढून पुढच्या नाण्याच्या मागे लागा.